राणीच्या खांद्यावरची घडी

या वर्षी मंडळाच्या दिवाळी अंकात ज्येष्ठांनी आपापल्या नोकरीबद्दल लिहायचं ठरलं, तेव्हा संपादक मंडळातल्या अमृताचा मला फोन आला. "काकू, तुम्ही बँकेत होतात ना?" मी म्हटलं, नाही गं, नाण्यांच्या दुकानात होते. ती जराशी थांबली आणि म्हणाली, "म्हणजे एक्झॅक्टली काय करायचात?" हा प्रश्न मला फार जणांनी विचारलाय. माझ्या मुलीने लहानपणी शाळेत 'माय मॉम लुक्स अ‍ॅट पेनीज' असं सांगितलं होतं. त्याहून नेमकं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

इथे न्यू जर्सीत, पार्सिपनीला, आम्ही नंतर आलो. त्याआधी, ऐंशीच्या दशकात, आम्ही बफलोला राहत होतो. नदीच्या अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडा, मध्ये पूल. माझे यजमान सुधाकर तिथल्या पोलाद कारखान्यात मेटलर्जिस्ट होते. ग्रीन कार्ड झालं, अपार्टमेंटमध्ये बाबासाहेबांचा फोटो लागला, पडदे शिवून झाले, आणि कारखाना बंद पडला. एकटे सुधाकर नव्हे, सबंध गावच घरी बसलं. सुधाकर गावोगाव अर्ज पाठवत होते आणि तोवर काहीतरी काम मी बघावं असं आमच्यात ठरलं.

मी झूऑलॉजीची बी.एस्सी. लग्नाआधी नागपुरात मलेरिया विभागात होते. डास सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि पंखावरचे ठिपके, पायांवरचे पट्टे बघून त्याची जात सांगायची, हे माझं काम. इंदोऱ्यातल्या आमच्या मोहल्ल्यात मला 'मच्छरवाली बाई' म्हणत. अमेरिकेत या अनुभवाला कोण विचारणार? पण एका दुकानाच्या काचेवर पाटी दिसली: 'मदतनीस हवा. डोळे चांगले असावेत.' अशी अट घालणारी जाहिरात मी आधी कधी पाहिली नव्हती. आत गेले.

दुकानाचा मालक स्टॅन. पोलिश घराण्यातला, सत्तरीकडे झुकलेला, उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. त्याने माझं शिक्षण विचारलं नाही. एका बशीत कॅनडाच्या तांब्याच्या पेनी, म्हणजे एका सेंटची नाणी, ओतल्या, एक भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, यातल्या वेगळ्या बाजूला काढ. मी विचारलं, वेगळ्या म्हणजे कशा? तो म्हणाला, "तेच तर काम आहे." मी बसले. एका बाजूला ज्यांच्या कडेच्या आतले बारीक मणी मोठे आहेत त्या, दुसऱ्या बाजूला ज्यांचे लहान आहेत त्या. सगळ्यांवर साल एकच, १९६५. सगळ्यांवर तीच इंग्लंडची राणी, मागे तीच मेपलची डहाळी. पण मणी दोन तऱ्हांचे. शिवाय सालातल्या पाचाचं एक टोक काहींवर टोकदार, काहींवर बोथट. मी बशीतले चार ढीग केले. स्टॅनने त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, उद्यापासून येशील का?

माझं नाव पुष्पा. अमेरिकन जिभेवर ते 'पुश' झालं. दुकानाच्या दारावरही पितळी अक्षरांत 'पुश' लिहिलेलं होतं. गिऱ्हाइकं यायची आणि म्हणायची, वा, तुझं नाव दारावर लागलं म्हणजे भागीदारी मिळाली वाटतं. हा विनोद मी त्या दुकानात किती वेळा ऐकला त्याचा हिशेब नाही, आणि दर वेळी हसले, कारण गिऱ्हाइकाला तो पहिल्यांदाच सुचलेला असायचा.

आता हा धंदा काय असतो ते सांगते. बफलोत कॅनडाची पेनी अमेरिकेच्या पेनीत बेमालूम मिसळलेली असायची. आकार सारखा, रंग सारखा. किराणा दुकानात, लाँड्रीत, टोलनाक्यावर, कोणी बघत नसे. त्या ढिगात काही मोजक्या पेनी दुर्मिळ असतात. सोन्याच्या म्हणून नव्हे, की फार जुन्या म्हणूनही नव्हे. टांकसाळीत ठसा बदलला जातो आणि बदलताना काहीतरी राहून जातं, एवढ्यासाठी.

यातली सगळ्यांत नावाजलेली म्हणजे १९५५ची 'घडी नसलेली'. राणी गादीवर आली तेव्हा तिच्या चेहऱ्याचा नवा ठसा घडवला गेला. त्यात खांद्यावर झग्याची एक घडी होती, दोन बारीक रेघांची. पण ठसा असा काही खोल-उथळ होता की नाणं पाडताना त्या रेघा उमटतच नसत. मग ठसा सुधारला आणि घडी नीट उठू लागली. पुढे १९५५ साली केव्हातरी एखादा जुना, न सुधारलेला ठसा चुकून यंत्रावर चढला. त्यावर पडलेली नाणी थोडी. ती शोधायला लोक आयुष्य घालवतात.

ऐकायला सोपं वाटतं. घडी दिसली तर साधं, नाही दिसली तर दुर्मिळ. इथेच सगळे फसतात. ती घडी इतकी उथळ असते की खिशात, गल्ल्यात, हातोहाती फिरून ती पहिली पुसली जाते. म्हणजे झिजलेली प्रत्येक साधी पेनी 'घडी नसलेली' दिसू लागते. म्हणून जाणकार माणूस घडीकडे बघतच नाही. तो अक्षरांकडे बघतो. राणीभोवती जी अक्षरं असतात त्यातला इंग्रजी 'आय' जुन्या ठशात दोन्ही टोकांना पसरलेला असतो, डमरूसारखा. सुधारलेल्या ठशात तो काडीसारखा सरळ. अक्षर घडीपेक्षा चिवट. राणीचा खांदा सपाट झाला तरी 'आय' खरं सांगत राहतो. हे मला स्टॅनने पहिल्याच आठवड्यात शिकवलं. भिंगाखाली दोन नाणी ठेवून त्याने मला पुरती दुपार बघत बसवलं होतं. मला डासांची आठवण आली. तिथेही पोट बघून काही कळत नाही, पंख बघावा लागतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक टॅक्सीवाला होता, त्याच्याकडे एक अगदी साधी पेनी होती. तो दर शुक्रवारी यायचा आणि विचारायचा, झाली का ही दुर्मिळ? मी म्हणायची, अजून नाही. तो म्हणायचा, बरं, आणि कॉफी पिऊन जायचा. दुसरा एक गृहस्थ टाय लावून यायचा. त्याने आणलेल्या पेनीवरची घडी कुठल्याशा हत्याराने इतक्या सफाईने घासून काढलेली होती की खांदा आरशासारखा चमकत होता. मी 'आय' बघितला, सरळ होता. मी त्याला म्हटलं, खांद्यावर मेहनत छान घेतलीय. तो रागावला नाही. टोपी घातली, दार पुढे ढकलायच्या ऐवजी आत ओढत राहिला, आणि मी त्याला माझं नाव वाचायला सांगितलं.

घरी हे सांगितलं की सुधाकर हसायचे. त्या दिवसांत ते कमी हसायचे, म्हणून मी जेवताना गिऱ्हाइकांच्या गोष्टी राखून ठेवायची. एकदा म्हणाले, "काहून गं, पैसा पैसा निरखत बसते आणि घरात पैसा नाही." मग आम्ही दोघंही हसलो.

रेमंड हा आमच्या दुकानातला सगळ्यांत जुना मित्र. स्टॅन त्याला नुसतं 'रे' म्हणायचा. गिऱ्हाईक म्हणवत नाही, कारण तो विकत क्वचितच काही घ्यायचा. पुलावरच्या टोलनाक्यावर त्याने सारी हयात काढली होती. येणारी प्रत्येक कॅनेडियन पेनी तो बघायचा आणि आवडली तर स्वतःची पेनी टाकून ती उचलायचा. जाड भिवया, मोठा आवाज, आणि खिशात कायम पुदिन्याच्या गोळ्या. माझ्या मुलीसाठी एक तरी देऊन जायचा.

त्याच्याकडे एक १९५५ची पेनी होती. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला इस्पितळात होती, हा नाक्यावर ड्यूटीला, आणि त्याच आठवड्यात ती त्याच्या हाती आली. मुलगी झाली, तिचं नाव कॅरल. ती पेनी त्याने शुभ म्हणून खिशात ठेवली आणि वर्षानुवर्षं बाळगली. निवृत्त झाल्यावर एकदा सहज स्टॅनला दाखवली. स्टॅनने बघून सांगितलं, रे, ही घडी नसलेली आहे. मी दुकानात यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हापासून ती पुठ्ठ्याच्या चौकटीत बसली होती आणि नाण्यांच्या क्लबात तिला मान होता. रेमंड म्हणायचा, माझ्या दोघी पोरी एकाच आठवड्यात आल्या.

मग कॅरलचं लग्न ठरलं. मुलगा अ‍ॅरिझोनाचा, लग्नानंतर ती तिकडेच जाणार. रेमंडने ठरवलं की ती पेनी तिला द्यायची. तो एका सकाळी दुकानात आला आणि म्हणाला, पुश, हिला चांगल्या पारदर्शक डबीत बसव, आणि खाली स्टॅनच्या नावाने काय आहे ते लिहून दे. स्टॅन मागच्या खोलीत होता. रेमंड गोळी ठेवून निघून गेला.

मी पुठ्ठा सोडवला, पेनी कडेने धरली आणि सवयीने भिंगाखाली नेली. राणीचा खांदा गुळगुळीत होता. 'आय' बघितला. सरळ. दुसरा बघितला. सरळ. मी खुर्ची दिव्याजवळ ओढली, नाणं फिरवून फिरवून बघितलं. सगळे 'आय' काडीसारखे होते. घडी त्या नाण्यावर होती. ती रेमंडच्या खिशात झिजली होती. ज्या मायेने त्याने ते बाळगलं, तिनेच त्याला दुर्मिळ करून दाखवलं होतं.

माझ्या हातात तिघांचं काहीतरी होतं: रेमंडचं, त्याच्या मुलीचं, आणि ज्याने मला नोकरी दिली त्या माणसाचं नाव. डबीवर स्टॅनच्या नावाने खोटं लिहिणं मला जमणार नव्हतं. ते अ‍ॅरिझोनात कोणी ना कोणी कधीतरी उघडं पाडलंच असतं, आणि ते पोरीच्या तोंडावर झालं असतं.

स्टॅन बाहेर आला तेव्हा मी त्याला सांगितलं, रेमंडची पेनी एकदा बघ. तो म्हणाला, मी बघितलीय ती. मी म्हटलं, 'आय' सरळ आहेत. त्याने नाणं घेतलं, भिंग डोळ्याला लावलं. मी त्याच्याकडे बघत होते. तो नाण्याकडे बघत नव्हता. मान जराशी तिरकी करून नाण्याच्या बाजूला, टेबलाच्या कडेकडे बघत होता, जणू नाणं तिकडून दिसणार होतं. मग त्याने भिंग खाली ठेवलं.

"मधोमध काही दिसत नाही, पुश," तो म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. तू दिसतेस, दार दिसतं. ज्याच्याकडे बघतो तेच तेवढं दिसत नाही."

डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. डॉक्टरांनी उपाय नाही म्हणून सांगितलं होतं. बायको हेलेनखेरीज त्याने कोणालाही कळू दिलं नव्हतं. काचेवरची ती पाटी त्याने का लावली होती ते मला तेव्हा कळलं. मी यायच्या आधी बराच काळ तो आठवणीवर आणि अंगठ्याच्या स्पर्शावर नाणी ओळखत होता. बहुतेक वेळा जमून जायचं. लोकांचा त्याच्यावर विश्वास होता, त्यामुळे कोणी फेरतपासणी करत नसे.

त्याने मला एकेक अक्षर वाचायला लावलं. मी सांगत गेले, सरळ, सरळ, हाही सरळ. शेवटी तो म्हणाला, रेला बोलव.

रेमंड दुपारी आला. स्टॅनने त्याला बसवलं आणि स्वतः सांगितलं, माझ्यावर सोपवलं नाही. डोळ्यांचंही सांगितलं. रेमंडने माझ्याकडे बघितलं. मी भिंग पुढे केलं, त्याने घेतलं नाही. म्हणाला, लग्नाला जेमतेम महिना राहिलाय आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय. मग नाणं उचललं, डबी तशीच ठेवली, आणि गेला. त्या दिवशी त्याने गोळी ठेवली नाही, असं मी लिहिणार होते, पण ती तो सकाळीच देऊन गेला होता. ती मी घरी नेली नाही, टेबलाच्या खणातच राहू दिली.

मला वाटलं होतं, स्टॅनला वाईट वाटतंय ते रेमंडबद्दल. पण दोन दिवसांनी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, तो जे बोलला ते मी अजून विसरलेले नाही.

"रेचं नाणं परत आलं, कारण मी हो म्हटलं होतं. ज्यांना मी नाही म्हटलं, त्यांचं काय? त्यांनी माझं ऐकलं आणि ते नाणं ब्रेडवाल्याला देऊन टाकलं."

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. चुकीचा होकार कधीतरी फिरून दारात येतो. चुकीचा नकार येत नाही. तो कुठल्यातरी गल्ल्यात पडून हरवून जातो, आणि नकार देणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मलेरिया विभागात आम्ही हेच घोकायचो, की नसलेला रोग आहे म्हटलं तर गोळ्या वाया जातात, असलेला नाही म्हटलं तर माणूस. पण पेनीच्या बाबतीत असं काही असेल हे मनात आलं नव्हतं.

स्टॅनने दुकान बंद करायचा विचार केला असावा, हेलेन नंतर तसं म्हणाली. त्याऐवजी त्याने माझ्याकडून एक मोठा कागद लिहून घेतला आणि काचेवर लावला. त्याने सांगितलेले शब्द साधे होते: गेल्या काही वर्षांत माझे डोळे गेले आहेत. त्या काळात मी तुमच्या नाण्याला नाही म्हटलं असेल तर ते परत आणा. आता दुसरे डोळे बघतील. पैसे पडणार नाहीत. खाली त्याचं नाव.

मी त्याला विचारलं, धंदा बसणार नाही का? तो म्हणाला, बसेल बहुतेक.

बसला खरा, काही दिवस. क्लबातले दोन जण कागद वाचून बाहेरूनच परत गेले. एकाने फोन करून स्टॅनला बरंच सुनावलं. पण हळूहळू लोक यायला लागले. कोणी चॉकलेटच्या डब्यात, कोणी मोज्यात, कोणी औषधाच्या बाटलीत पेनी घेऊन यायचं. मी खिडकीजवळ बसायची, स्टॅन माझ्या शेजारी. मी अक्षरं वाचायची, तो गिऱ्हाइकाशी बोलायचा. बहुतेक सगळी नाणी साधीच निघाली. दर वेळी 'साधं आहे' म्हणताना स्टॅनचा खांदा जरा सैल पडायचा. कोणाचं नुकसान झालं नव्हतं. टॅक्सीवालाही आला. म्हणाला, मला तर तूच नाही म्हणतेस, पण दुसरे डोळे असले तर बघ. मी म्हटलं, ते दुसरे डोळे माझेच. तो म्हणाला, मग राहू दे, कॉफी आहे का?

मग आयरीन आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून निवृत्त झालेली, ठेंगणी, गुडघ्यांनी हैराण झालेली बाई. तिच्या भावाकडून आलेली एक १९५५ची पेनी तिने स्टॅनला कधीतरी दाखवली होती, आणि त्याने साधी आहे म्हणून परत दिली होती. तिने ती खर्च केली नव्हती. तिच्या शिवणयंत्राचा एक पाय आखूड होता, त्याखाली सरकवून दिली होती. कागद वाचल्यावर शेजाऱ्याकडून यंत्र उचलून घेऊन ती काढून आणली होती.

नाण्याची एक बाजू फरशीवर घासून पार खराब झाली होती. मेपलच्या पानांची नक्षी जवळजवळ गेलेली. पण राणीची बाजू यंत्राच्या पायाखालच्या फेल्टला टेकलेली होती. मी ती फडक्याने न पुसता, नुसती फुंकर घालून भिंगाखाली धरली. खांद्यावर घडी नव्हती. त्याला काही अर्थ नव्हता. मी अक्षरांवर गेले.

पहिला 'आय' दोन्ही टोकांना पसरलेला होता.

दुसरा बघितला, तिसरा बघितला. दुकानात आमच्याकडे असलेलं अस्सल नाणं काढून शेजारी ठेवलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे बघत राहिले. स्टॅनने विचारलं, "सरळ?" मी म्हटलं, "नाही. डमरू." हा शब्द मी त्याला कधीतरी शिकवला होता, डमरू म्हणजे काय तेही हातांनी करून दाखवलं होतं.

स्टॅन उठून उभा राहिला. काउंटरला वळसा घालून आयरीनच्या समोर गेला आणि ज्या बाजूने त्याला दिसायचं तशी मान तिरकी करून तिच्याकडे बघत म्हणाला, "आयरीन, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. ही ती आहे. मला माफ कर."

आयरीनने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं, फार तर पुन्हा नाही म्हणतील. ती खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "म्हणजे आता माझं यंत्र परत डुगडुगणार."

हेलेन मागच्या खोलीतून हसत बाहेर आली. मी गल्ल्यातून त्याच जाडीची एक साधी पेनी काढून दिली. आयरीनने ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, हिची खात्री आहे ना? मी पुन्हा भिंग लावून बघितलं आणि मगच दिली.

पुढे वर्षभरात सुधाकरना जर्सीत नोकरी लागली आणि आम्ही पार्सिपनीला आलो. इथे मी लायब्ररीत काम केलं, ते चांगलं होतं, पण त्याबद्दल लिहावं असं काही नाही. स्टॅन दुकानात शेवटपर्यंत बसला. माझ्यानंतर हेलेनने भिंग हातात घेतलं. तो गेला ते तिनेच फोनवर कळवलं. आता कॅनडाने पेनीच बंद करून टाकली. मला चुटपुट एवढीच की स्टॅनने मला शिकवताना जी दोन नाणी शेजारी शेजारी ठेवली होती, त्यातलं साधं तरी मागून घ्यायला हवं होतं. त्याने दिलं असतं.

रेमंडचं राहिलं. तो लग्नाच्या आदल्या आठवड्यात आला, आयरीनच्या गोष्टीनंतर काही दिवसांनी. दुकानात आम्ही दोघंच होतो, स्टॅन आणि मी. रेमंड काचेवरचा कागद वाचत बाहेर बराच वेळ उभा होता. मग आत येऊन त्याने नाणं काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी भिंग दिलं. कोणती अक्षरं ते बोटाने दाखवलं. त्याने स्वतः बघितलं. टोलनाक्यावर आयुष्य गेलेला माणूस, त्याला बघायची सवय होती. बघून झाल्यावर म्हणाला, हो, सरळ आहेत.

स्टॅन म्हणाला, रे, माझ्याकडे एक खरी आहे. ती कॅरलला दे. माझ्याकडून.

रेमंडने मान हलवली. "ती माझ्या खिशात नव्हती," तो म्हणाला.

मग त्याने मला ती राहिलेली डबी आणायला सांगितली. मी नाणं आत बसवलं, झाकण दाबलं आणि खालच्या पट्टीवर लिहायला पेन उघडलं. काय लिहू, असं विचारलं.

रेमंडने सांगितलं तसं मी लिहिलं, जमेल तितक्या बारीक अक्षरात: कॅनडा, एक सेंट, १९५५. घडी होती. बाबांच्या खिशात झिजली.

स्टॅनने मला ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तो म्हणाला, बरोबर आहे, खाली माझं नाव घाल.